डंपरच्या चाकातली वीज : आर. जी. लेटर्नो यांची गोष्ट

मुरूम-खडी वाहणारा डंपर आपण रोज पाहतो. बरेच जण त्याला हायवा म्हणतात. त्यात इंजिनची ताकद गिअरबॉक्स आणि शाफ्टमधून मागच्या चाकांपर्यंत जाते आणि हायड्रॉलिक जॅक हौदा वर उचलतो. पण खाणीत 200 टनांहून जास्त माल नेणाऱ्या अजस्र डंपरमध्ये बऱ्याचदा गिअरबॉक्सच नसतो! तिथे चाकं विजेच्या मोटरवर फिरतात. हे कसं सुरू झालं, हे समजून घ्यायचं असेल तर रॉबर्ट लेटर्नो यांचं आयुष्य पाहायला हवं, असं मला वाटतं.

लेटर्नो यांचा जन्म 1888 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये झाला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारी करू लागले. पुढे कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावात भागीदारीत गॅरेज काढलं. पहिल्या महायुद्धात मानेच्या जुन्या दुखापतीमुळे सैन्यात घेतलं नाही, म्हणून ते नौदलाच्या गोदीत कामाला गेले आणि तिथे विजेच्या यंत्रांचं काम शिकले. परत येऊन पाहतात तर गॅरेज बुडालेलं, डोक्यावर कर्ज!

कर्ज फेडायला त्यांनी ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम घेतलं. त्याच ट्रॅक्टरमागे स्क्रेपर जोडून शेतजमीन सपाट करायचं कामही मिळालं. स्क्रेपर म्हणजे पात्याने मातीचा थर कापून स्वतःच्या हौद्यात भरणारं, ती वाहून नेऊन पसरणारं यंत्र. 1920 मध्ये त्यांनी जुना होल्ट ट्रॅक्टर विकत घेतला आणि स्वतःच कंत्राटं घेऊ लागले.

मातीकामाचं गणित साधं आहे: एका खेपेला किती माल आणि दिवसाला किती खेपा. हे त्यांना पुस्तकातून नाही, तर खिशाला चाट बसून कळलं. म्हणून ते स्वतःच यंत्रं बनवू लागले. लोखंडी चाकं मोकळ्या मातीत रुततात, तर हवेचे रबरी टायर वजन पसरवतात आणि वेगही देतात. 1930 च्या दशकात त्यांनी असे टायर मातीकामात आणले. 1938 मध्ये त्यांचा ‘टूर्नापुल’ आला. त्यामुळे स्क्रेपर ओढायला साखळीवर चालणाऱ्या संथ ट्रॅक्टरची गरज उरली नाही. दुसऱ्या महायुद्धात धावपट्ट्या आणि रस्ते बांधायला त्यांची यंत्रं मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

1953 मध्ये त्यांनी हा धंदा वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनीला विकला. पण गोदीत शिकलेली वीज काही डोक्यातून गेली नव्हती. चाकात मोटर बसवण्याची कल्पना जुनीच. 1900 च्या सुमारास फर्डिनांड पोर्शे यांनी ती मोटारगाडीत वापरली होती. लेटर्नो यांनी ती मातीकामाच्या जड यंत्रांसाठी चिकाटीने विकसित केली. डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं आणि वीज तारांमधून थेट चाकांतल्या मोटरींना मिळते. उतारावर याच मोटरी उलट जनरेटरचं काम करतात, गाडीचा वेग रोखतात आणि तयार झालेली वीज रोधकांमध्ये उष्णता होऊन जाते. त्यामुळे भरलेला डंपर घाट उतरताना ब्रेक जळत नाहीत.

मात्र विजेचा हा हट्ट सगळीकडे चालला नाही. यंत्राचे भाग उचलायलाही त्यांना हायड्रॉलिकऐवजी मोटर आणि दातेरी पट्टीच हवी असायची. तिथे जगाने हायड्रॉलिक जॅकच निवडला. आजच्या खाणीतल्या डिझेल-इलेक्ट्रिक डंपरमध्ये म्हणूनच चाकाला वीज आणि हौद्याला तेल, अशी वाटणी दिसते.

1969 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या नावावर सुमारे 300 पेटंट होती. मला मात्र त्या आकड्यापेक्षा कर्ज फेडायला माती ओढणारा तो मेकॅनिक जास्त महत्त्वाचा वाटतो. यंत्रात काय खटकतं, हे त्याला स्वतःच्या तोट्यातून समजलं होतं.