पिळाचा हिशेब आणि सातपुड्याचे रान : कॅप्टन जेम्स फोर्साइथ

चार इमली (भोपाळ) : चिंचेच्या चार झाडांचे नाव धारण करणारी ही भोपाळची वस्ती मंत्र्यांच्या आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसाठी ओळखली जाते. मध्य प्रदेशाच्या वन आणि महसूल कारभाराची सूत्रे ज्यांच्या हाती असतात, त्यांपैकी अनेकांचे वास्तव्य येथे असते. त्या कारभाराचा पाया ज्या पिढीने घातला, तिच्यात कॅप्टन जेम्स फोर्साइथ हे नाव ठळक आहे. येथून सुमारे 200 किलोमीटरवर असलेल्या पचमढीचा शोधक म्हणून पर्यटक त्यांना ओळखतात. परंतु बंदुकीत किती दारू भरावी, गोळी कोणत्या आकाराची असावी आणि नळीतील आट्यांना किती पीळ द्यावा, या प्रश्नांचा त्यांनी शास्त्रशुद्ध विचार केला होता आणि त्यावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

फोर्साइथ यांचा जन्म 1838 चा. शिक्षण इंग्लंडमध्ये पूर्ण करून ते हिंदुस्थानात आले आणि बंगाल स्टाफ कोअरमध्ये दाखल झाले. 1861 मध्ये नागपूरकर भोसल्यांचा जुना मुलूख आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांताची निर्मिती झाली व नागपूर ही त्याची राजधानी ठरली. या नव्या प्रांताच्या अरण्यांची नीट मोजदादही तेव्हा झालेली नव्हती. कॅप्टन पिअर्सन यांच्या हाताखाली वनखाते आकार घेत होते. त्यात फोर्साइथ साहाय्यक वनसंरक्षक झाले आणि पुढे काही काळ त्यांनी वनसंरक्षकाचे कामही पाहिले. मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल, जे नंतर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले, यांनी या तरुण अधिकाऱ्याची योग्यता हेरली. 1862 ते 1864 या काळात फोर्साइथ यांनी सातपुडा आणि मैकल पर्वतरांगा पालथ्या घातल्या व नर्मदेच्या उगमापर्यंत, अमरकंटकापर्यंत ते पोहोचले.

या भटकंतीत बंदूक ही गरजेची वस्तू होती. मात्र त्या काळच्या बंदुकीचे शास्त्र संक्रमणावस्थेत होते. ठासणीच्या बंदुकीची गुळगुळीत नळी मागे पडून आटे पाडलेली नळी रूढ होत होती. आट्यांमुळे गोळीला फिरकी मिळते आणि ती फिरकी तिला वाटेत डळमळू देत नाही. क्रिमियाच्या युद्धानंतर लांबट, टोकदार गोळीचा बोलबाला झाला. लष्कराची एनफिल्ड रायफल .577 इंच व्यासाची. तिच्या आट्यांचा एक पूर्ण फेरा 78 इंचांत होई. व्हिटवर्थच्या रायफलीत तोच फेरा केवळ 20 इंचांत पूर्ण होत असे. अशा रायफली दूरच्या लक्ष्यावर अचूक ठरत, म्हणून शिकाऱ्यांनीही त्यांचेच अनुकरण सुरू केले.

फोर्साइथ यांचा आक्षेप नेमका येथे होता. युद्धभूमीचे माप अरण्याला लागू पडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. सैनिकाला दूरच्या शत्रूवर मारा करायचा असतो. सातपुड्याच्या झाडीत मात्र सांबर किंवा गवा दिसतो तो बहुधा शंभर-दीडशे यार्डांच्या आत, तोही क्षणभर. नेमके अंतर मोजण्यास तेथे अवसर नसतो. अशा वेळी गोळी संथ असेल तर ती वाटेत बरीच खाली उतरते आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी हृदयाऐवजी पोटात किंवा पायात बसते. जनावर मरत नाही आणि वाचतही नाही. रक्त सांडत ते रानात नाहीसे होते.

यावरचा उपाय गोळीचा वेग वाढवणे हा होता. हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तर वेग दुप्पट झाल्यावर तेच अंतर कापण्यास निम्मा वेळ लागतो आणि गोळीचे खाली उतरणे एक-चतुर्थांशावर येते. वेग हवा तर दारू अधिक हवी. परंतु तीव्र पिळाच्या नळीत अधिक दारू भरली की मऊ शिशाची गोळी आटे सोडून सरळ घसरत बाहेर पडे आणि नेम पार बिघडे. लांबट गोळी घ्यावी, तर तिला स्थिर ठेवण्यासाठी तीव्र पीळ अपरिहार्य आणि तीव्र पीळ आला की दारूवर पुन्हा मर्यादा आली.

हा पेच फोर्साइथ यांनी मागे जाऊन सोडवला. त्यांनी जुनी वाटोळी गोळी पुन्हा निवडली. गोलाला पुढचे टोक नसते, मागची बाजूही नसते. त्यामुळे उलटापालट होण्याची भीती त्याला नाही आणि नाममात्र फिरकीही त्याला पुरते. मग पीळ अगदी मंद ठेवता येतो. फोर्साइथ यांच्या पद्धतीच्या 14 बोअर रायफलीत आट्यांचा एक फेरा आठ फुटांहून अधिक लांबीत पूर्ण होई, म्हणजे प्रत्यक्ष नळीत तो फेऱ्याचा एक लहानसा अंशच असे. 14 बोअर म्हणजे एक पौंड शिशातून 14 गोळ्या. अशी एक गोळी सुमारे 32 ग्रॅम वजनाची आणि साडेसतरा मिलिमीटर व्यासाची. एनफिल्डची गोळी वजनाने जवळपास तेवढीच होती, पण तिच्यामागे अडीच ड्रॅम, म्हणजे साडेचार ग्रॅमांहून थोडी कमी दारू असे. फोर्साइथ यांच्या मंद पिळात तिच्या जवळजवळ दुप्पट दारू बिनधोक चालत असे. आटे उथळ, त्यांच्यामधले कंगोरे अरुंद आणि गोळीभोवती कापडाचा तुकडा, अशी ही रचना होती.

त्यांचा हा ग्रंथ 1860 च्या दशकाच्या प्रारंभी निघाला आणि 1867 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. आज दक्षिण आफ्रिकेच्या किंवा नामिबियाच्या माळरानावर कुडू, इम्पाला यांच्या शिकारीला जाणारे परदेशी शिकारी घरीच काडतुसे भरतात, दारू कणाकणाने तोलतात, गोळीचे वजन बदलतात आणि वेगमापक यंत्रासमोर चाचण्या घेतात. त्यांचेही मूळ प्रश्न हेच असतात : गोळी किती जड, दारू किती आणि पीळ किती. लांबट गोळीला किती पीळ हवा, याचे जॉर्ज ग्रीनहिल यांचे प्रसिद्ध सूत्र 1879 मधले. त्याच्या दीड दशक आधी फोर्साइथ सातपुड्यातील अनुभवाच्या बळावर या विषयावर लिहीत होते.

त्याच काळातील आफ्रिकेशी तुलना केली की या हिशेबाचे मोल कळते. 1871 मध्ये फ्रेडरिक सेलूस हा अवघ्या एकोणीस वर्षांचा तरुण दक्षिण आफ्रिकेत उतरला. पुढे तो तेथील सर्वांत विख्यात शिकारी ठरला. सुरुवातीच्या हत्तींच्या शिकारीत त्याच्याकडे 4 बोअरच्या गुळगुळीत नळीच्या स्वस्त ठासणीच्या बंदुका होत्या. कमरेच्या चामडी पिशवीतून मूठभर दारू काढायची आणि पाव पौंडाचा गोळा वर ठासायचा, अशी त्याची रीत होती. त्या बंदुकांच्या धक्क्यांचा परिणाम त्याला पुढे दीर्घकाळ जाणवत राहिला.

फोर्साइथ यांची नजर मात्र केवळ बंदुकीवर खिळलेली नव्हती. पचमढीच्या पठारावर 1862 मध्ये त्यांनी उभारलेल्या घराला बायसन लॉज हे नाव मिळाले. इंग्रज शिकारी गव्याला बायसन म्हणत. जो गवा आज गोव्याचा राज्यप्राणी आहे, त्याचेच हे नाव. जवळच्या देनवा खोऱ्यात सालवृक्षांचे एक एकाकी रान त्यांना आढळले. सालाचा मुख्य पट्टा तेथून पूर्वेला पुष्कळ दूर होता. तरीही त्या पट्ट्यातला बारशिंगा आणि तांबडा रानकोंबडा या एकाकी रानातही होता. वृक्ष आणि प्राणी यांचे हे साहचर्य त्यांनी टिपून ठेवले. पुढे निमाडचे बंदोबस्त अधिकारी आणि उपायुक्त या नात्याने त्यांनी खंडवा-बऱ्हाणपूरच्या जमीन महसुलाचे काम पाहिले.

या कर्तृत्वाला दुसरी बाजूही आहे. 1865 मध्ये बोरीचे वन राखीव झाले. अशा राखीव वनांमुळे साग आणि साल वाचले, पण डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्या गोंड-कोरकूंचे पिढीजात स्वातंत्र्य आक्रसत गेले. ज्यांच्या पायवाटांनी फोर्साइथ पचमढीवर चढले, त्यांनाच पुढे स्वतःच्या रानात परवानगीची गरज भासू लागली. शिकारही तशीच. एक जनावर वेदनेविना पडावे, याचा हिशेब चोख होता. एकूण किती पडावीत, याचा हिशेब त्या पिढीने फारसा मांडला नाही.

1 मे 1871 रोजी लंडनमध्ये फोर्साइथ यांचे निधन झाले. वय अवघे 33. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यांची रायफल फार काळ टिकली नाही. मागून भरायच्या बंदुका आणि धातूची काडतुसे रूढ झाली, 1886 नंतर धूरविरहित दारू आली आणि कमी व्यासाच्या लांबट गोळीलाही प्रचंड वेग मिळू लागला. वाटोळी गोळी अडगळीत गेली. अधिक वेग आणि सपाट मार्ग हा तिच्यामागचा विचार मात्र टिकला.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व संपवले. बायसन लॉज आता वनखात्याचे संग्रहालय आहे. देनवा-बोरीच्या रानातून नाहीसा झालेला बारशिंगा 2015 पासून कान्हाहून आणून तेथे पुन्हा सोडण्यात आला. तो कोठे रुजू शकेल याची खूण फोर्साइथ यांनी दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. त्यांच्या दारूच्या मापाला आज कोणी विचारत नाही. सालाच्या रानाबद्दलची त्यांची नोंद मात्र अजून उपयोगी पडते.