नाताळ, भुतं आणि माँटी जेम्स

कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढल्यामुळे नाताळ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गव्हाणी, कॅरल्स, प्लम केक आणि कापसाची दाढी लावलेला सांता एवढंच येतं. भुतं आपली अमावास्येची, पिंपळाची, फार तर हॉस्टेलच्या टेरेसची! नाताळचा आणि भुतांचा काही संबंध आहे असं मी शाळेत म्हटलं असतं, तर सिस्टरनी कान धरून वर्गाबाहेर उभं केलं असतं.

पण इंग्लंडमध्ये हा संबंध फार जुना आहे. तिथे डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि रात्र सोळा तासांची असते. बाहेर मरणाची थंडी, आत फायरप्लेस आणि सुट्टीसाठी जमलेली माणसं. मग भुताच्या गोष्टी निघणारच ना! डिकन्सने १८४३ साली लिहिलेली 'अ ख्रिसमस कॅरल' ही तरी काय, भुतांचीच गोष्ट. पुढे बीबीसीने १९७१ ते १९७८ दर नाताळात एक भुताची फिल्म टीव्हीवर दाखवली. त्यातल्या पहिल्या पाचही फिल्म्स एकाच माणसाच्या कथांवर होत्या. हा माणूस ना सिनेमावाला होता, ना पोटासाठी लिहिणारा लेखक. तो चक्क एका कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता!

त्याचं नाव माँटेग्यू ऱ्होड्स जेम्स. मित्रांमध्ये नुसता माँटी.

माँटीचा जन्म १ ऑगस्ट १८६२ चा, इंग्लंडच्या केंट परगण्यातला. वडील रेक्टर होते. म्हणजे हॉस्टेलचे नव्हेत हं, चर्चचे! माँटी तीन वर्षांचा असताना हे कुटुंब सफोकमधल्या ग्रेट लिव्हरमियर या खेड्यात राहायला गेलं. जुनं चर्च, मोठाली झाडं, तळं आणि शेजारी दफनभूमी, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. बाकीची मुलं खेळायची तेव्हा हा जुनी पुस्तकं चाळायचा. पुढे ईटनची शाळा आणि १८८२ साली केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. एकदा कॉलेजात शिरला तो जन्मभर बाहेर पडलाच नाही. १८८७ मध्ये फेलो, १८९३ पासून फिट्झविल्यम म्युझियमचे डायरेक्टर, १९०५ मध्ये किंग्जचे प्रोव्होस्ट म्हणजे आपले प्रिन्सिपॉल, १९१३ ते १९१५ केंब्रिजचे कुलगुरू आणि १९१८ पासून शेवटपर्यंत ईटनचे प्रोव्होस्ट. लग्न केलं नाही. अख्खं आयुष्य विद्यार्थ्यांमध्ये, एका अर्थी हॉस्टेलमध्येच गेलं म्हणा ना!

त्यांचं खरं काम कोणतं, तर जुन्या हस्तलिखितांची सूची करणं. केंब्रिजच्या जवळजवळ सगळ्या कॉलेजांतली मध्ययुगीन हस्तलिखितं त्यांनी पान न् पान तपासून नोंदवली. ऐकायला किती कंटाळवाणं! पण त्यांना एका हस्तलिखितात बरी सेंट एडमंड्सच्या पडक्या मठातल्या थडग्यांचा पत्ता सापडला, त्यावरून १९०२ साली खोदकाम सुरू झालं आणि बाराव्या शतकातल्या मठाधिपतींच्या कबरी खरंच सापडल्या. कागदावरच्या ओळीवरून माणूस थेट थडग्यापर्यंत पोचला! त्यांच्या गोष्टींतही नेमकं हेच होतं. एखादा विद्वान, सरळमार्गी माणूस जुनं पुस्तक उघडतो, जुनी वस्तू उचलतो, आणि जे झोपलेलं असतं ते जागं होतं.

या गोष्टींची सुरुवात २८ ऑक्टोबर १८९३ ला झाली. 'चिटचॅट' नावाच्या कॉलेजच्या छोट्या मंडळात आळीपाळीने निबंध वाचायची पद्धत होती. जेम्स यांनी निबंधाऐवजी दोन भुताच्या गोष्टी वाचल्या. त्या इतक्या रंगल्या की पुढे दर नाताळला एक नवीन गोष्ट हा रिवाजच पडला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चॅपलमधली प्रार्थना आणि जेवण झालं की मित्रमंडळी आणि काही विद्यार्थी जेम्स यांच्या खोलीवर जमायची. कुणी पियानो बडवायचं, कुणी चेष्टामस्करी करायचं. जेम्स मात्र आतल्या खोलीत गायब! गोष्ट बहुधा पुरी व्हायचीच असायची. (सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहिणाऱ्यांनी इथे धीर घ्यावा. कुलगुरू झालेला माणूसही हेच करत होता.) मग कधीतरी ते हातात कागद घेऊन बाहेर यायचे, एक सोडून सगळ्या मेणबत्त्या विझवायचे, आणि त्या एका उजेडात वाचायला लागायचे.

त्यांची एक गोष्ट तर हॉस्टेलवाल्यांनी वाचायलाच हवी. पार्किन्स नावाचा एक प्रोफेसर सुट्टीत समुद्रकाठच्या हॉटेलात उतरतो. भुताखेतांवर अजिबात विश्वास नसलेला, अगदी आपल्या सरांसारखा! त्याला दोन कॉटची खोली मिळते. फिरताना पडक्या अवशेषांत एक जुनी शिट्टी सापडते आणि तो ती वाजवून बघतो. बस, एवढंच! दुसऱ्या दिवशी खोली आवरणारी बाई सांगते की दोन्ही अंथरुणं विस्कटलेली होती. खोलीत झोपतो तर हा एकटाच... आणि मग एका चांदण्या रात्री त्या रिकाम्या कॉटवर काहीतरी उठून बसतं. रूम-पार्टनर घरी गेलेला असताना मी ही वाचली आणि त्या रात्री शेजारच्या रूममध्ये जाऊन झोपले, हे इथे कबूल करते. १९६८ साली जोनाथन मिलर यांनी या गोष्टीवर बीबीसीसाठी फिल्म केली आणि पुढच्या नाताळच्या फिल्म्सची वाट तिथूनच मोकळी झाली.

जेम्स यांची रीत साधी होती. जागा रोजची, माणसं ओळखीची, सुरुवात शांत. भूत आधी नुसतं डोकावलं पाहिजे, मग हळूहळू पुढे आलं पाहिजे आणि ते दुष्टच असलं पाहिजे. रक्ताचे पाट त्यांना पसंत नव्हते. दाखवायचं थोडं, बाकीचं वाचणाऱ्याच्या मनावर सोडायचं.

पण या गोष्टी पुस्तकात कशा आल्या? मला या माणसाबद्दल लिहावंसं वाटलं ते यामुळेच. जेम्स मॅकब्राइड हा किंग्जचाच विद्यार्थी, पुढे जेम्स यांचा जिवाभावाचा मित्र. दोघं डेन्मार्कमध्ये एकत्र फिरले होते. हॉटेलात रात्री प्रकट होणाऱ्या आणि दिवसा नसलेल्या तेरा नंबरच्या खोलीची गोष्ट डेन्मार्कमधल्याच व्हिबोर्ग गावात घडते. मॅकब्राइड उत्तम चित्रं काढायचा. माँटीच्या गोष्टींना आपण चित्रं काढायची असं ठरलं आणि त्याने काम सुरूही केलं. चार चित्रं पुरी झाली आणि जून १९०४ मध्ये अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर तो गेला. प्रकाशकाला दुसरा चित्रकार सहज मिळाला असता. जेम्स यांनी ते होऊ दिलं नाही. त्याच वर्षी पुस्तक निघालं ते त्या चार चित्रांसकट, मित्राची आठवण म्हणून. मॅकब्राइड गेल्यानंतर त्याच्या मुलीचा जन्म झाला. जेम्स तिचे पालक झाले आणि तिच्या आईला ते आयुष्यभर पत्रं लिहीत राहिले.

मग १९१४ साल उजाडलं. महायुद्ध सुरू झालं तेव्हा जेम्स कुलगुरू होते. बघता बघता कॉलेजं रिकामी झाली. किंग्जचा फेलो, कवी रूपर्ट ब्रूक १९१५ मध्ये लढाईवर जाताना वाटेतच वारला. ईटनच्या अकराशेहून जास्त माजी विद्यार्थ्यांचे त्या युद्धात प्राण गेले. ज्या वयाची मुलं मेणबत्तीभोवती बसून गोष्टी ऐकायची, त्याच वयाची ही मुलं. युद्धात गेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारने एक स्मृतिपत्र पाठवलं. त्यावरचा मजकूर लिहायचं काम कोणाकडे आलं असेल? जेम्स यांच्याकडेच. नाताळच्या रात्री गंमत म्हणून मेलेल्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाचे शब्द लाखो घरांत भिंतीवर लागले, तेही खऱ्याखुऱ्या मेलेल्यांसाठी. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

नंतरही त्यांनी लिहिलं. १९३१ साली तीस कथांचा एकत्र संग्रह आला. १२ जून १९३६ रोजी ईटनमध्येच त्यांचं निधन झालं. आणि गंमत बघा, त्याच वर्षी २ नोव्हेंबरला बीबीसीची नियमित टीव्ही सेवा सुरू झाली! अवघ्या पाच महिन्यांची चुकामूक.

१९७१ मध्ये लॉरेन्स गॉर्डन क्लार्क या दिग्दर्शकाने नाताळच्या आदल्या रात्री 'द स्टॉल्स ऑफ बारचेस्टर' दाखवली आणि जेम्स यांचा जुना रिवाज घराघरांत पोचला. खोलीत दहाबारा जण बसायचे, आता अख्खा देश बसला. मेणबत्तीच्या जागी टीव्हीचा उजेड. २००५ पासून बीबीसीने ही प्रथा पुन्हा सुरू केली. 'शेरलॉक'मधला मायक्रॉफ्ट, म्हणजे मार्क गॅटिस, याने २०१३ पासून त्यांच्या अनेक कथांवर फिल्म्स केल्या. त्याआधी २००० साली तर ड्रॅक्युलावाले क्रिस्टोफर ली स्वतःच जेम्स बनून मेणबत्तीच्या उजेडात गोष्टी सांगत होते. हे ली लहानपणी ईटनच्या स्कॉलरशिपच्या इंटरव्ह्यूला गेले होते, आणि तिथे समोर कोण बसले होते? साक्षात जेम्स! ली शेवटी दुसऱ्या शाळेत गेले, पण तो म्हातारा त्यांच्या लक्षात राहिला.

मित्रमैत्रिणींनो, जेम्स यांच्या सूच्या आजही संशोधक वापरतात. पण जग त्यांना ओळखतं ते चार मित्रांसाठी, शेवटच्या घटकेला, घाईघाईत लिहिलेल्या गोष्टींमुळे. त्या लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर ना बक्षीस होतं, ना मार्क. फक्त त्या रात्री खोलीत जमणारी माणसं होती.

आपल्याही मजल्यावर लाईट गेली की कुणीतरी मेणबत्ती लावतं, कुणीतरी गोष्ट सुरू करतं. फायनल इयरवाले पुढच्या वर्षी नसतील, त्यापुढच्या वर्षी आपणही नसू. तेव्हा पुढच्या वेळी लाईट गेली की मोबाईलचा टॉर्च लावू नका. गोष्ट पुरी ऐका. आणि हो, समोरची कॉट रिकामी असेल तर तिकडे फार वेळ बघू नका!