विश्लेषण : औंधच्या टेकडीवरील ‘माता आणि मूल’! महायुद्धातून वाचलेले शिल्पकार हेन्री मूर कोण होते?

सातारा जिल्ह्यातील औंधला यमाईच्या दर्शनासाठी जाणारे अनेक जण टेकडीवरच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयातही डोकावतात. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहात ‘माता आणि मूल’ हे एक आधुनिक शिल्पही आहे. ते घडवणारे ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर (१८९८-१९८६) वयाच्या १९ व्या वर्षी युद्धभूमीवर मरता मरता वाचले होते.

खाणकामगाराचा मुलगा शिल्पकार कसा झाला?

मूर यांचा जन्म ३० जुलै १८९८ रोजी यॉर्कशायरमधील कॅसलफर्ड गावी झाला. आठ भावंडांतले ते सातवे. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. मुलांनी खाणीत उतरू नये, शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. आईला संधिवात होता. तिची पाठ चोळून देण्याचे काम लहानग्या हेन्रीकडे असे. शिल्पकार व्हायचे त्यांनी शाळेतच ठरवले होते, पण घरच्यांच्या सांगण्यावरून ते आधी शिक्षक झाले.

पहिल्या महायुद्धात काय घडले?

१९१७ मध्ये ते सैन्यात भरती झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर फ्रान्समधील कॅम्ब्रेच्या लढाईत त्यांच्या तुकडीवर विषारी वायूचा मारा झाला. सुमारे ४०० जणांपैकी हजेरीला अवघे ५२ उरले. मूर यांना उपचारासाठी मायदेशी पाठवण्यात आले. बरे झाल्यावर त्यांनी नव्या सैनिकांना संगीन चालवायला शिकवले. युद्ध संपल्यावर माजी सैनिकांसाठीच्या शिष्यवृत्तीवर १९१९ मध्ये ते लीड्सच्या कला महाविद्यालयात दाखल झाले. तिथून पुढे लंडन.

युद्ध त्यांच्या कलेत दिसते का?

सुरुवातीच्या शिल्पांत थेट दिसत नाही. खंदक, बंदुका, प्रेते यांकडे ते वळले नाहीत. त्यांच्या दगडातून येत राहिली ती पहुडलेली स्त्री आणि मुलाला कवेत घेतलेली आई. हे दोन विषय त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात काय केले?

सप्टेंबर १९४० पासून लंडनवर जर्मन बॉम्ब पडू लागले. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत रात्र काढणारी हजारो माणसे मूर यांनी पाहिली. फलाटावर रांगेने झोपलेले लोक, कुशीत मूल घेतलेल्या आया. या दृश्यांची त्यांनी मेणखडू आणि जलरंगात चित्रे काढली. त्यांचे स्वतःचे लंडनमधील घरही बॉम्बहल्ल्यात नादुरुस्त झाले आणि ते पेरी ग्रीन या खेड्यात राहायला गेले, ते कायमचेच. पुढे त्यांनी कॅसलफर्डच्या खाणीत उतरून कामगारांची चित्रे काढली. जखमी योद्धा त्यांच्या शिल्पात आला तो १९५० च्या दशकात. हात-पाय तुटलेला, तरीही ढाल धरून असलेला.

औंधचा संबंध काय?

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्काराचा प्रसार आणि प्रजेला स्वराज्य देण्याचा प्रयोग यासाठीही ते ओळखले जातात. देशविदेशातून जमवलेल्या कलावस्तू सर्वांना पाहता याव्यात म्हणून त्यांनी १९३८ मध्ये हे संग्रहालय उभारले. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, संग्रह मात्र गावातच राहिला.

शिल्प कसे पाहावे?

या शिल्पात नाक-डोळे शोधू नयेत. आईचा आकार मुलाला कसा वेढतो, ते पाहावे. मूर युद्धाविषयी फारसे बोलत नसत. पण युद्धात सोबती गमावलेल्या माणसाने आयुष्यभर जिवाला जपणारी आई घडवत राहावे, हेच पुरेसे बोलके आहे.