डोंगरावरचा एकांत, पायथ्याचे सोबती



आज नित्यवाचनात तुकोबांचे आत्मचरित्रपर अभंग आले. खरं सांगते, गेले दोन महिने घरात आजारपण आणि ऑफिसात नोकरकपातीची भीती. सगळ्यांचे फोन टाळत होते मी. वाटायचं, कुठेतरी लांब निघून जावं. आज वाचताना जाणवलं, तुकोबाही असेच निघून गेले होते. पण त्यांचं जाणं वेगळं होतं.

देहूच्या मोरे घराण्यात १६०८ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. घरी महाजनकी, व्यापार आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारी. थोरला भाऊ सावजी विरक्त, त्यामुळे संसाराचा भार कोवळ्या वयातच तुकोबांवर आला. आईवडील गेले. मग १६३० चा भीषण दुष्काळ पडला. पहिली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, लहानगा संतूही गेला. धंदा बुडाला, चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली.

तेव्हा ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तिथे पोचला. दोघं इंद्रायणीकाठी आले आणि तुकोबांनी काय केलं? लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं मागवली. अर्धी कान्होबाला दिली, कारण त्याच्या वाट्यावर आपला हक्क नाही. स्वतःची अर्धी नदीत सोडून दिली. स्वतः कंगाल असताना दुसऱ्यांना कर्जातून मोकळं केलं! एकांतात मन खरंच शांत झालं की नाही, ते खाली उतरल्यावर असं कळतं.

पुढे देहूचं पडकं देऊळ त्यांनी नीट केलं. भंडाऱ्याच्या डोंगरावर बसून आधीच्या संतांची वचनं पाठ केली. दुसरी पत्नी जिजाई संसाराचा गाडा ओढत, कुरकुरत का होईना, भाकरी घेऊन डोंगर चढायची असं परंपरा सांगते. तिच्या पायांचं दुखणंही आपण विसरू नये.

आणि कीर्तनात मागे उभे राहायचे ते टाळकरी! चाकणचे संताजी जगनाडे तेलाचा घाणा चालवणारे, गंगाराम मवाळ ब्राह्मण. जात आड आली नाही. दोघंही तुकोबांचे अभंग लिहून ठेवायचे. विरोधामुळे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या, ही आपली श्रद्धा. ज्यांनी विरोध केला ते रामेश्वर भटही पुढे त्यांचे भक्त झाले. संताजींच्या हातच्या वह्या तर आजही आहेत. डोंगरावर जे एकट्याला सापडलं, ते आपल्यापर्यंत आलं ते सोबत्यांमुळे.

मला एकांत हवा होता, पण मी नुसतीच लपून बसले होते. एकांतात माणूस देवापाशी बसतो. लपताना फक्त माणसांपासून पळतो.

आज एवढंच करूया. अर्धा तास फोन बाजूला ठेवून नामस्मरण. आणि त्यानंतर, टाळत आलेल्या एका मैत्रिणीला किंवा मित्राला फोन. माझा नंबर लावून झालाय, पलीकडे रिंग वाजतेय.

राम कृष्ण हरी! 🙏