पाउल माउझर आणि डावखुरा शिकारी

पाउल माउझर १८३८ मध्ये जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथे जन्मले. वडील बंदुका घडवीत. तेरा भावंडांत हे धाकटे. थोरले बंधू विल्हेल्म व्यवहार पाहत, पाउल यंत्रात रमत. त्यांची १८९८ची बोल्ट रायफल सैन्यासाठी होती, पण हरणांच्या शिकाऱ्यांनीही तीच रचना उचलली. आपल्याकडे जिम कॉर्बेट यांची रिग्बी त्याच घडणीची. बोल्टची मूठ मात्र उजवीकडे. डावखुऱ्याला दुसऱ्या गोळीसाठी हात पलीकडे न्यावा लागे. तेवढ्यात हरीण नाहीसे होई. नुसती मूठ फिरवून भागत नाही, सारी यंत्रणाच उलटी घडवावी लागते. १९०१ मध्ये स्वयंभरण रायफलीच्या चाचणीत अपघात होऊन पाउल यांचा डावा डोळा गेला. डावखुरा नेम धरतो, तो सहसा त्याच डोळ्याने. मे १९१४ मध्ये ते निवर्तले. डावखुऱ्यांच्या कारखानी रायफलींना पुढे कित्येक दशके लागली.