भास्कराचार्य

परीक्षा जवळ आली, की बारामती-इंदापूरकडील शाळांतही गोल, शंकू व सूची यांची सूत्रे घोकणे सुरू होते. गतीचे आलेख पुन्हा पुन्हा काढले जातात. ही सूत्रे परक्या देशातून आलेली कोरडी अक्षरे आहेत, असे पुष्कळ मुलांना वाटते. परंतु त्यांतील कित्येकांचा विचार सुमारे नऊशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या आश्रयास राहणाऱ्या एका पंडिताने केला होता. त्या पंडिताचे नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मध्ये झाला. वडील महेश्वर हे स्वतः विद्वान ज्योतिषी होते व तेच मुलाचे गुरू झाले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ रचिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत.

लीलावतीतील गणिते शेतमळ्यातील व बाजारातील आहेत. खळ्यावर पडलेल्या धान्याच्या राशीचे माप घ्यावयाचे असेल, तर राशीवर चढण्याचे कारण नाही. जाड धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दशमांशाएवढी धरावी. मग परिघाच्या षष्ठांशाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणावे. परीघ साठ हात असेल, तर उंची सहा हात व घनफळ सहाशे घनहात येते. शंकूच्या घनफळाचाच हा व्यवहारापुरता केलेला सोपा नियम होय.

भास्कराचार्यांच्या पूर्वी लल्ल नावाचे थोर ज्योतिषी होऊन गेले. भास्कराचार्यांनी त्यांच्या एका ग्रंथावर टीकाही लिहिली होती. गोलाचे पृष्ठफळ काढण्यासाठी वर्तुळाचे क्षेत्रफळ परिघाने गुणावे, असा लल्लांचा नियम होता. वडीलधाऱ्यांचे वचन म्हणून तो मान्य करणे सोपे होते. पण भास्कराचार्यांनी तो पारखून पाहिला. चेंडूच्या अर्ध्या परिघाएवढा व्यास असलेले वर्तुळाकार वस्त्र घेतले, तर अर्धा चेंडू झाकून वस्त्र काहीसे उरते. त्या वस्त्राचे क्षेत्रफळ चेंडूच्या मध्यवर्तुळाच्या सुमारे अडीचपट असते. तेव्हा सगळ्या चेंडूचे पृष्ठफळ मध्यवर्तुळाच्या पाचपटीहून अधिक असणे शक्यच नाही. लल्लांचा नियम चुकला आहे, हे त्यांनी आदर न सोडता पण स्पष्टपणे दाखविले आणि पृष्ठफळ बरोबर चौपट असते, हे सिद्ध केले. मग पृष्ठभागावर पाया व मध्याशी टोक असलेल्या असंख्य सूचींनी गोल भरला आहे, अशी कल्पना करून त्यांनी घनफळाचेही कारण सांगितले. पृष्ठफळास व्यासाने गुणून सहांनी भागिले, की गोलाचे घनफळ मिळते.

गतीविषयीही त्यांची दृष्टी अशीच सूक्ष्म होती. चंद्र सदा सारख्या वेगाने चालत नाही. दोन दिवसांच्या स्थानांतील अंतर ही स्थूल गती होय. तिथी नेमकी केव्हा संपते हे काढावयाचे असेल, तर त्या क्षणाची गतीच हवी. तिला त्यांनी तात्कालिक गती म्हटले. आज आलेखातील वक्ररेषेच्या एका बिंदूपाशी चढ पाहून आपण त्या क्षणाचा वेग ठरवितो. तो विचार याच जातीचा आहे.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' हा ग्रंथ लिहिला. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. इ. स. १२०७ मधील त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणिला. त्या लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. पाटणच्या बाजारातील काही कर मठास लावून दिला होता आणि तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेलही मठास मिळत असे. अशा रीतीने गावच्या बाजाराच्या आधारावर गणिताचे अध्यापन चालले. इ. स. १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद अकबराच्या दरबारातील फैजी याने केला.

सूत्र पाठ करणे चांगलेच. परंतु ते असे का, हे जो स्वतः पारखून पाहतो, त्याला ते कधी विसरत नाही. भास्कराचार्यांच्या चरित्रापासून हेच शिकावयाचे आहे.