यंत्राचा दुभाषी : जॉन बॅकस

परीक्षेत नापास झालेल्या मुलाचे पुढे काय होते? आमच्या गावात याचे उत्तर ठरलेले आहे. मुलगा असेल तर शेताची वाट, मुलगी असेल तर स्थळांची शोधाशोध. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे नापासाच्या शिक्क्याची धास्ती मला चांगली ठाऊक आहे. म्हणूनच जॉन बॅकस यांचे चरित्र वाचताना मी त्यांच्या यशाआधी अपयशापाशीच थबकले.

बॅकस यांचा जन्म ३ डिसेंबर १९२४ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी झाला. घर सधन होते, पण मुलाचे लक्ष अभ्यासात नव्हते. शाळेत ते वरचेवर नापास होत. १९४२ साली व्हर्जिनिया विद्यापीठात रसायनशास्त्रासाठी नाव घातले, पण वर्गात हजेरीच नाही! विद्यापीठाने त्यांना घरचा रस्ता दाखवला. मग सैन्य, नंतर वैद्यकीय शिक्षण. तेही नऊ महिन्यांत सुटले. पुढे स्वतःसाठी उत्तम ध्वनिसंच बनवावा या हौसेने ते न्यूयॉर्कमध्ये रेडिओ तंत्रज्ञांच्या शाळेत गेले. तेथील एका शिक्षकांनी त्यांना आकडेमोडीत मदतीला घेतले आणि विशी ओलांडलेल्या या तरुणाला गणिताची गोडी लागली. कोलंबिया विद्यापीठात गणित शिकून १९५० साली ते आयबीएम कंपनीत रुजू झाले.

त्या काळी संगणकाला त्याच्याच सांकेतिक भाषेत एकेक आज्ञा लिहून द्यावी लागे. हे काम मूठभर जाणकारांनाच जमे आणि त्यातील चुका शोधण्यात यंत्राचा बहुमोल वेळ जाई. १९५३ च्या अखेरीस बॅकस यांनी वरिष्ठांपुढे प्रस्ताव ठेवला. माणसाने गणिताच्या ओळखीच्या खुणांत सूत्रे लिहावीत आणि त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर यंत्रानेच करावे! या भाषेचे नाव फोर्ट्रान. नावातच सूत्रांचे भाषांतर दडलेले आहे. असे भाषांतर करणाऱ्या कार्यक्रमाला कंपायलर म्हणतात.

जाणकारांचा यावर विश्वास बसेना. यंत्राने केलेले भाषांतर ओबडधोबड आणि संथच असणार, असे त्यांना वाटे. बॅकस यांनीही हे ओळखले होते, की कसबी माणसाने लिहिल्याइतके काम वेगाने झाले नाही तर ही भाषा कोणी हातीही धरणार नाही. म्हणून भाषांतर नुसते बरोबर असून भागणार नव्हते. ते काटकसरीचेही हवे होते.

ही काटकसर कशी साधली? एखादा हिशेब सूत्रात दोनदा आला तर कंपायलर तो एकदाच करवी. कोष्टकातील पुढच्या आकड्याची जागा दर वेळी गुणाकाराने न काढता मागच्या जागेत ठरावीक भर घाली. आयबीएम ७०४ या संगणकात अशा जागा मोजणारी नोंदस्थाने तीनच होती. लग्नघरी चुली तीन आणि भांडी तीस, अशीच ही अडचण! कोणते भांडे चुलीवर ठेवावे आणि कोणते उतरवावे? त्यासाठी कार्यक्रमाचा कोणता भाग किती वेळा चालेल याचा अंदाज हवा. लोइस हेट या तरुणीने, फासे टाकावेत तशी यदृच्छेने वाट निवडत कार्यक्रमाची जणू रंगीत तालीम घेणारा भाग लिहिला. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली ही मुलगी संगणकासाठी लिहिणे तेथे येऊनच शिकली होती.

सहा महिन्यांत संपेल असे वाटलेले काम १९५७ च्या एप्रिलपर्यंत चालले. यंत्र रात्री मोकळे मिळे. म्हणून ही मंडळी जवळच्या हॉटेलात दिवसा झोपत आणि रात्र जागवत. अखेर कंपायलरने केलेली रचना पाहून ती करविणारेच चकित होऊ लागले!

१९५९ साली बॅकस यांनी संगणकीय भाषांचे व्याकरण नेमक्या नियमांत मांडण्याची पद्धत दिली. पीटर नॉर यांनी तिला पुढे आकार दिला. १९६७ साली एका अभ्यासकाने या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे असे सुचविले, कारण नियमांतून भाषा उभी करण्याचे असे काम पाणिनीने कितीतरी शतके आधी केले होते. संस्कृतच्या तासाला अष्टाध्यायीचे नाव निघते, तेव्हा मला आता बॅकसही आठवतात.

१९७७ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी फोर्ट्रानच्या वळणाच्या भाषांवरच टीका केली आणि नवी वाट सुचविली. स्वतःच्या कीर्तीचा पाया स्वतःच तपासायला केवढे धैर्य लागत असेल!

१७ मार्च २००७ रोजी ऑरेगन राज्यातील ॲशलंड येथे त्यांचे निधन झाले. हवामानाच्या गणितात फोर्ट्रान आजही राबते आहे.

बॅकस यांना वारंवार नवी संधी मिळाली, यात घरच्या सुबत्तेचा वाटा होताच. तो नाकारून चालणार नाही. पण मिळालेल्या संधीचे त्यांनी काय केले? मूठभरांच्या हाती असलेली विद्या त्यांनी इतरांना समजेल अशा भाषेत आणली. आपण कला शाखेचे विद्यार्थी भाषांतराला दुय्यम काम समजतो. मला तरी आता तसे वाटत नाही. चांगला दुभाषी बंद दार उघडतो, आणि त्या दारातून पुढे किती जण आत जातील याची मोजदाद कोणी करावी!